घरात गावठी कुत्रा, बोळात सात मांजरं: दोन्ही कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं जुनं घर. गाडीखाली येऊन बरा झालेला, दीड वर्षाचा, १६ किलोचा गावठी कुत्रा महिन्याभरापूर्वी घरी आणलाय. घरामागच्या बोळात सात मांजरं आहेत, त्यांना दोन वेळा खाणं घातलं जातं. मांजर दिसलं की कुत्रा झेपावतो, एकदा गळपट्ट्यातून निसटलाही. एक भाटी (मादी मांजर) पुन्हा गाभण दिसतेय. शेजारच्या काकूंनी वासावरून आणि कुंड्यांतल्या घाणीवरून बोलायला सुरुवात केलीय. ताई, तुम्ही विचारलंय की या सगळ्यांची एकमेकांशी दोस्ती कशी करून द्यायची.

दोस्तीचा विचार सध्या सोडा. घरातला कुत्रा आणि बोळातली मांजरं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची वेळ वेगळी, जागा वेगळी, भांडी वेगळी, आणि मध्ये बंद दार. कुत्र्यानं मांजराकडे दुर्लक्ष करायला शिकणं एवढं उद्दिष्ट पुरेसं आहे. बहुतेक गावठी कुत्र्यांना ते काही महिन्यांत जमतं.

वेळापत्रक असं बसवा. सकाळी ६ ला कुत्र्याला बाहेर काढा, पण बोळाकडून नाही, पुढच्या दारानं. चाळीस मिनिटं फिरवून आणा, थोडं दमू द्या, मग खाणं द्या आणि आतल्या खोलीत दार लावून बसवा. त्यानंतर मांजरांच्या ताटल्या मांडा आणि वीस-पंचवीस मिनिटांत उचला. संध्याकाळी उलट करा: मांजरं साडेसहाला, कुत्रा आठनंतर. पोट भरलेला, फिरून आलेला कुत्रा शांत असतो, आणि या वेळी ते दार उघडत नाही हे मांजरांनाही आठवड्याभरात कळतं. ताटल्या बोळात पडून राहिल्या की दुसऱ्या गल्लीतले बोके येतात, उंदीर-घुशी येतात. शिवाय कुत्र्याला तिथलं उरलंसुरलं एकदा चाटायला मिळालं की तो रोज त्याच बाजूला ओढत नेतो.

मांजरांमागे धावण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. पाठलाग हेच कुत्र्याचं बक्षीस असतं. मांजर हाती लागो न लागो, तो धावला की त्याला मजा आली, आणि पुढच्या वेळी तो जास्त जोरात धावेल. म्हणून पहिले दोन-तीन महिने त्याला धावायची एकही संधी मिळू नये. ओरडून किंवा पट्ट्याला हिसका देऊन हे सुटत नाही, उलट मांजर दिसलं की मार पडतो असा संबंध त्याच्या डोक्यात बसतो आणि तो आणखी चिडतो.

शिकवायचं असं. उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे खिशात ठेवा. मांजर लांब, बसलेलं असताना कुत्र्याला दोरीवर घेऊन उभे राहा. त्यानं मांजराकडे पाहिलं की लगेच ‘हो’ म्हणा आणि तुकडा तोंडाशी द्या. पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. चार-पाच मिनिटांत संपवा. अंतर बरोबर आहे का, हे तुकडाच सांगतो: तो खात असेल तर ठीक, चिकन नाकाशी धरूनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, दहा पावलं मागे या. त्याचं अंगही वाचा. तोंड मिटलं, कान पुढे, शेपटी ताठ आणि स्थिर, वजन पुढच्या पायांवर आलं, की पुढच्या क्षणी झेप आहे, लगेच वळवून न्या. काही दिवसांत मांजर दिसताच तो तुमच्याकडे वळून बघायला लागेल, तेव्हा दोन पावलं जवळ जा. पळणारं मांजर ही सगळ्यात अवघड पायरी, ती शेवटी. आणि तो कितीही सुधारला तरी मांजरांबरोबर एकटा सोडू नका.

निसटण्याचं कारण बहुतेक वेळा पट्टाच असतो. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं, मान जाड. घाबरून तो मागे सरकला की साधा गळपट्टा कानांवरून निघून येतो, सैल हार्नेसही (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) निघतो. म्हणून दोन्ही घाला: ओढलं की मर्यादेपर्यंत आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि बरगडीमागे दुसरी पट्टी असलेला हार्नेस. दोरीचं एक टोक एकाला, दुसरं दुसऱ्याला. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नाहीत. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. रंकाळ्यावर नेत असाल तर खाण्याच्या गाड्यांच्या चौपाटीची बाजू टाळा. तिथं जमिनीवर पडलेलं खाणं असतं आणि त्याच्यावर हक्क सांगणारी कुत्र्यांची टोळीही. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर पंजे भाजतील.

खाण्याचं गणित सोपं आहे, पण कोल्हापुरात ते रश्श्यावर येऊन बिघडतं. तांबडा असो की पांढरा, त्यात कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात. मांजरांना तर थोडासाही चालत नाही. शिजवलेली हाडं तडकून टोकदार होतात, तीही नकोत. १६ किलोच्या, नसबंदी झालेल्या, रोज दोनदा फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० ते ९०० कॅलरी लागतात. म्हणजे बिनहाडाचं उकडलेलं चिकन २५० ग्रॅम, शिजलेला भात ३०० ग्रॅम, मूठभर लाल भोपळा किंवा गाजर, दोन भागांत. मीठ-मसाला नाही. मात्र फक्त चिकन-भातात कॅल्शियम फारच कमी पडतं. डॉक्टरांना विचारून कॅल्शियमची पूड आणि जीवनसत्त्वं सुरू करा, नाहीतर एका वेळी तयार कोरडं खाणं द्या. ते दिवसभर दिलं तर पाकिटावर कॅलरी बघून अडीचशे ग्रॅमच्या आसपास बसतं. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत.

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. दूध-चपाती किंवा दूध-भातावर ते तगतं, पण टॉरिन या घटकाअभावी डोळे आणि हृदय हळूहळू खराब होतात. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध माणसाला अमृत वाटेल, पण मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब लागतात. आणि मग तीच घाण काकूंच्या कुंडीत. तीन किलोच्या मांजराला दिवसाला कोरडं खाणं ५५ ते ६० ग्रॅम पुरतं. चिकन दुकानातून आणत असाल तर बिनहाडाचं मांस, हृदय आणि पोटा घ्या, कलेजी थोडीच. नीट उकडा, आणि उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, कारण टॉरिन त्यात उतरतं. तेच पाणी खाण्यावर घाला. प्रत्येकाला वेगळी ताटली, दोन ताटल्यांत दोन-तीन फूट अंतर. ताटल्या उचलताना तोंडं मोजा. एखादं दोन वेळा आलं नाही तर ते आजारी, अडकलेलं किंवा विणीला बसलेलं असतं.

आता गोचिडांकडे येऊ, कारण दोन्ही प्राणी सांभाळणाऱ्या घरात सगळ्यात घातक चूक इथंच होते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत, फवाऱ्यांत आणि पावडरींत परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही: थरथर, झटके, आणि उपचार लवकर नाही मिळाले तर मृत्यू. कुत्र्यासाठीचं औषध ‘थोडंच’ म्हणून मांजराला लावू नका. गोचिडांच्या धुण्याच्या औषधातलं ॲमिट्राझही मांजरांना नको. तुमच्या घरासाठी उत्तम मार्ग म्हणजे कुत्र्याला वजनाप्रमाणे महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी, डॉक्टरांकडून. त्याला आधी कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मांजरांना मांजरांसाठीचेच फिप्रोनिलचे थेंब.

अंगावर दिसणारे गोचीड म्हणजे थोडेच; बाकीचे घरात असतात. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि दगड-मातीच्या भिंतींच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. जुन्या घरात म्हणूनच एकदा औषध देऊन भागत नाही. फटी सिमेंटनं बुजवा, कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा, आणि गोळीत किमान सहा महिने खंड पडू देऊ नका. भिंतींना फवारणी करून घेतलीत तर पूर्ण वाळेपर्यंत मांजरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली बोटं फिरवा. सापडलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल ओतणं किंवा नखावर चिरडणं नको.

गोचीडताप ओळखायची खूण म्हणजे कुत्रा अचानक खाणं सोडतो आणि मलूल पडतो. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी हवी, पांढुरकी किंवा पिवळसर नको. गुदद्वारातलं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे नेहमीचं, १०३ च्या वर गेलं तर ताप. लघवी चहासारखी गडद, नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, उद्यावर ढकलू नका. एर्लिकिया या गोचीडतापाच्या जंतूवरचं औषध साधारण चार आठवडे चालतं. तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो म्हणून लोक गोळ्या थांबवतात, आणि दुखणं उलटतं. घरातली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते.

लसींचं: मागचा इतिहास माहीत नसलेल्या मोठ्या कुत्र्याला रेबीजची लस आणि एकत्रित लसीचे दोन डोस, तीन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, वजन करूनच.

नसबंदी हे तुमच्या बोळातलं सगळ्यात तातडीचं काम आहे. भाटी चौथ्या ते सहाव्या महिन्यात माजावर येते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. नुसतं खाणं घालत राहिलात तर वर्षाअखेरीस सातांची संख्या तुमच्या हाताबाहेर जाईल, आणि त्यातली बरीच पिल्लं डोळ्यांसमोर मरतील. आधी माद्या, मग बोके. गाभण भाटीचं पोट अजून लहान असेल तर बरेच डॉक्टर तशातही शस्त्रक्रिया करतात. बोळातल्या परिस्थितीत तेच योग्य, असं माझं मत आहे. दिवस भरत आले असतील तर विऊ द्या, पिल्लं सहा आठवड्यांची झाली की तिला लगेच न्या, आणि पिल्लं त्याआधीपासून रोज हाताळा. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाळलेलं पिल्लू घर मिळायला सोपं जातं.

पकडायला हात किंवा पोतं नको, पडत्या दाराचा पिंजरा घ्या. आधी चार-पाच दिवस त्याचं दार दोरीनं वर बांधून आतच खाणं घाला. ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री ९ नंतर खाणं बंद, पाणी चालू. सकाळी पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घाला आणि पाय पडतो त्या पट्टीच्या पलीकडे सुकटीचा किंवा चिकनचा नखाएवढा तुकडा ठेवा. तुम्ही नजरेच्या टप्प्यात राहा, पिंजरा सोडून जाऊ नका. दार पडलं की लगेच जाड चादर टाका. अंधार झाला की मांजर थांबतं. उघडं ठेवलंत तर जाळीवर तोंड आपटून रक्तबंबाळ होतं. ‘बघूया नर आहे की मादी’ म्हणून दार किलकिलं करू नका. पोटाकडून मात्र बघा: सडांभोवतीचे केस गेलेले आणि सड ओढलेले दिसले तर पिल्लं कुठंतरी वाट बघत आहेत, तिला लगेच सोडा. चार महिन्यांखालच्या पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, त्यांच्या उपासाची वेळ डॉक्टरांकडून घ्या.

डॉक्टरांना दोन गोष्टी आधी सांगा. टाके विरघळणारे हवेत, कारण रस्त्यावरचं मांजर टाके काढायला पुन्हा सापडणार नाही. आणि भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापावं, म्हणजे तीच भाटी पुन्हा पिंजऱ्यात जाणार नाही. रेबीजची लसही त्याच वेळी. घरी आणल्यावर पिंजरा झाकलेला, कोरड्या उबदार खोलीत, कुत्र्यापासून लांब. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय खाणं नाही. बोका एका दिवसानं, भाटी तीन ते पाच दिवसांनी, जखम कोरडी बघून, जिथून पकडली तिथंच सोडा. पावसाच्या झडीत ही कामं काढू नका. मार्च-एप्रिल बरे.

पावसाळ्याची तयारी एप्रिल-मेमध्येच करावी लागते. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोची लस दोन डोसांत असते, त्यामुळे पहिला डोस एप्रिलअखेर पडला तर जूनआधी दुसरा होतो. सगळ्या जातींच्या लेप्टोवर ती चालत नाही, म्हणून साचलेल्या पाण्यात कुत्र्याला उतरू देऊ नका. परतल्यावर पंजे कोरडे करा, बोटांच्या मधल्या जागाही. जखम छोटी असली तरी दिवसातून दोनदा बघा. माशी बसली की एक-दोन दिवसांत आत किडे पडतात, आणि त्यावर टर्पेंटाइन किंवा पेट्रोल ओतणं म्हणजे जिवंत मांस जाळणं. मांजरांसाठी मासळीची थर्माकोलची पेटी आणा, १५ सेंटिमीटरचं भोक पाडा, आत भाताचं पिंजर भरा आणि दोन विटांवर ठेवा. गोधडी किंवा गोणपाट नको, ते ओल धरतं.

तुमचा भाग पंचगंगेच्या जवळचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं काय होतं ते दाखवलंच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की कुत्र्याला उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा. लसीचं कार्ड, पट्टे, आठवड्याचं खाणं एका पिशवीत तयार ठेवा. मांजरं वर चढतात, पण ओळखीच्या जागी. म्हणून जूनपासूनच त्यांच्या ताटल्या माळ्याच्या खिडकीशी किंवा जिन्याच्या वरच्या टप्प्यावर न्यायला लागा. सात मांजरांना सात दिवसांचं कोरडं खाणं म्हणजे तीन किलो, हवाबंद डब्यात, वरच्या मजल्यावर.

चावा किंवा ओरखडा, कुत्र्याचा असो की मांजराचा: वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. मग कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. दंडात लस घेतली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी; कातडीत घेतली तर ०, ३, ७, २८. जखम रक्ताची असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, चोवीस तासांत हात सुजू शकतो, तेव्हा प्रतिजैविकाबद्दलही विचारा. तुमच्यासारखं रोज हाताळणाऱ्यांनी आधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी लस घेऊन ठेवावी. मग चाव्यानंतर दोनच डोस पुरतात.

काकूंची तक्रार खरी आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. बोळाच्या तुमच्या टोकाला दोन बाय तीन फुटांची उथळ पेटी वाळू-मातीनं भरा, रोज सकाळी खरवडून काढा. रोजच्या रोज, कारण मांजराच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी एक ते पाच दिवसांत लागण करण्याजोगा होतो. घरात गरोदर बाई असेल तर तिनं हे काम करू नये. काकूंच्या कुंड्यांच्या मातीवर खडी पसरून द्या. फिनेलनं बोळ धुऊ नका: त्यातलं फिनॉल मांजराच्या पंजाला लागतं, ते चाटतं आणि विषबाधा होते. साबणानं धुऊन, मग ब्लीच एक भाग पाणी तीस भाग, दहा मिनिटांनी स्वच्छ पाणी. बोक्यांच्या मुताचा उग्र वास नसबंदीनंतर काही आठवड्यांत बराच कमी होतो, हे काकूंना आधी सांगून ठेवा. मांजरं पोत्यात भरून लांब सोडून येण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नवी जागा त्यांना मारते आणि इथं नसबंदी न झालेली दुसरी येतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाणं घालण्याची जागा मुलांच्या खेळापासून, जिन्यांपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी असं म्हटलंय, तेवढं तुम्ही कटाक्षानं पाळा. पावसात शेजाऱ्यांच्या चारचाकीच्या इंजिनात मांजरं शिरतात, त्यांना गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला सांगा.

गणपतीचे शेवटचे दिवस आणि दिवाळी कुत्र्यासाठी अवघड. महाद्वार रोडवरच्या डॉल्बीचा हादरा तुमच्या भिंतींपर्यंत येतो. त्या दिवशी दुपारीच फिरवून आणा, मधल्या खोलीत पंखा चालू ठेवा, पुढच्या दाराला आतून कडी. औषध लागेलसं वाटलं तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडून घेऊन एकदा शांत दिवशी देऊन बघा.

गावाला जाणार असाल तेव्हा बदली माणसासाठी एक कागद दारामागे चिकटवा: दोघांच्या वेळा, ग्रॅममध्ये खाणं, सात मांजरांचे रंग आणि कुणाचा कान कापलेला, कुत्र्याला बोळाकडून न्यायचं नाही ही ठळक ओळ, चालू गोळ्या, आणि रात्री उघडा असणारा पशुवैद्य कोण त्याचा नंबर.